सरकारची चाळणी आणि घरची राखण

आज ज्या विषयावर मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत, तो विषय घरोघरी आहे. परंतु घरात त्याचा उच्चार सहसा होत नाही. इंटरनेटवर जी अश्लील चित्रे आणि चित्रफिती मिळतात, त्या मुलांच्या दृष्टीस पडू नयेत, हे सर्वांनाच मान्य आहे. वाद आहे तो एवढाच की, ही राखण करावयाची कोणी? एक पक्ष म्हणतो की, सरकारने ही स्थळे देशभर बंद करून टाकावीत म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरा म्हणतो, मुले आईबापांची आहेत, त्यांनी ती सांभाळावीत. सरकारने या भानगडीत पडू नये. मी कायद्याची पंडित नव्हे, यंत्रशास्त्राची तर नव्हेच. परंतु या दोन पक्षांच्या मध्ये जे मूल उभे असते, ते रोज सकाळी माझ्यासमोर बाकावर बसलेले असते. बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच.

हुबळीच्या दाजीबानपेठेशी माझा संबंध पुष्कळ वर्षांचा आहे. तुळजाभवानीच्या देवळाभोवतीचा हा भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, येथे दुकान आणि घर यांत फारसे अंतर नसते. खाली कापडाचे किंवा सोन्याचांदीचे दुकान, वर दोन खोल्या, त्यांत सहासात माणसे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि मोबाईलवर हिंदी व इंग्रजी, असा भाषांचा संसार. अशाच एका घरातील आठवीतला मुलगा माझ्या वर्गात होता. वडील दुसऱ्याच्या साडीच्या दुकानात नोकर, रात्री साडेनऊला घरी येणारे. आई साड्यांना फॉल लावून व पिको करून संसाराला हातभार लावणारी. घरात चांगला मोबाईल एकच, आणि तो दिवसभर आईपाशी म्हणजे, वस्तुतः, मुलापाशी.

एके दिवशी वर्गातील दुसऱ्या एका मुलाच्या आईने मला आपल्या फोनवर आलेली एक चित्रफीत दाखविली. ती या मुलाकडून आली होती. ती कसली होती हे येथे सांगण्याचे कारण नाही. मी घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून जे होते तेच माझ्या हातून झाले. मी तत्काळ मुलाच्या वडिलांना दुकानात फोन केला. समोर गिऱ्हाईक बसलेले, मालक गल्ल्यावर, आणि हा गृहस्थ कानाला फोन लावून माझे बोलणे ऐकत होता. त्या रात्री त्याने मुलाला मारले. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. ती चूक माझी होती. संध्याकाळपर्यंत थांबून त्यांच्या घरी जाणे मला अशक्य नव्हते. पाचव्या दिवशी आईवडील दोघेही शाळेत आले. वडील रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. ते म्हणाले, “बाई, ही सगळी घाण सरकारने बंद केली म्हणून पेपरात वाचले होते मी. मग ही आली कुठून?”

या प्रश्नाचे धड उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. पुढे मी ते शोधीत गेले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम, सरकारने काय केले ते पाहू. या गोष्टीचा आरंभ आपल्या मुंबईतच झाला म्हटले तरी चालेल. 2001 साली दोन नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि इंटरनेटवरील अश्लील मजकूर मुलांना किती सहज मिळतो हे निदर्शनास आणले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले व त्याच वर्षी सप्टेंबरात एक समिती नेमली. समितीने जानेवारी 2002 मध्ये अहवाल दिला. तो काळ सायबर कॅफेचा होता. घरी संगणक असणारी कुटुंबे मोजकी. मुले तासाच्या दराने पैसे देऊन कॅफेच्या लाकडी खोपटात बसत. समितीने सुचविले की, येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, अल्पवयीन मुलांना बंद खोपटात न बसविता सर्वांना दिसेल अशा उघड्या जागेतील संगणकावर बसवावे, आणि त्या संगणकांवर गाळणी बसवावी. पुढे केंद्र सरकारने 2011 साली सायबर कॅफेसाठी जे नियम केले, त्यांत तर खोपटाच्या भिंतीची उंचीही ठरवून दिली : जमिनीपासून साडेचार फुटांहून अधिक नसावी. आईबाप किंवा पालक सोबत असल्यावाचून मुलाला खोपटात बसू देऊ नये, असेही त्यांत आहे.

हे साडेचार फूट मला फार अर्थपूर्ण वाटतात. त्या नियमांमागे एक साधा विचार होता : मूल काय पाहते यावर यंत्राने पहारा करण्यापेक्षा, त्याच्या पाठीमागून माणसे येत-जात असली म्हणजे पुष्कळ काम होते. परंतु नियम कागदावर येईपर्यंत कॅफेच ओस पडू लागले होते. खोपटे गेली आणि मोबाईल आला. आता खोपटे राहिले नाही असे मात्र नव्हे. ते मुलाच्या पांघरुणाखाली गेले, आणि तेथे भिंतीची उंची मोजावयास कोणी जात नाही.

दुसरा अध्याय दिल्लीचा. इंदूरच्या एका वकिलांनी 2013 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, अशी सर्व स्थळे देशात बंद करावीत. जुलै 2015 मध्ये त्यावर तात्पुरता हुकूम देण्यास त्या वेळचे सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी नकार दिला. प्रौढ माणूस आपल्या घराच्या चार भिंतींत काय पाहतो त्यात न्यायालयाने कसे पडावे, असा त्यांचा प्रश्न होता. दत्तू हे आपल्या कर्नाटकाचेच. परंतु त्याच महिन्याच्या 31 तारखेला केंद्राच्या दूरसंचार खात्याने 857 स्थळांची यादी काढून ती बंद करण्याचा आदेश इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना दिला. देशभर गदारोळ झाला. यादीत निव्वळ विनोदी मजकुराचे एक स्थळही सापडले होते, हे पाहून लोक हसलेही. चारच दिवसांनी, 4 ऑगस्टला, खात्याने आदेश सैल केला : ज्या स्थळांवर लहान मुलांचे अश्लील चित्रण नाही ती खुली ठेवण्यास हरकत नाही. त्यावर कंपन्यांनी विचारले की, कोणत्या स्थळावर काय आहे हे आम्ही ठरवावयाचे कसे? तो प्रश्न वावगा नव्हता. ज्या कामासाठी सरकारला खाते लागते, ते काम तार ओढणाऱ्यावर सोपविले गेले होते.

2018 साली डेहराडूनजवळच्या एका निवासी शाळेतील मुलीवर अत्याचार झाला. आरोपी मुलांनी आधी अशा चित्रफिती पाहिल्या होत्या, असे पुढे आले. आणि उत्तराखंड उच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर रोजी जुना आदेश पुन्हा अमलात आणण्यास सांगितले. सरकारने ती 857 स्थळे तपासून पाहिली, तेव्हा 30 स्थळांवर तसे काहीच आढळले नाही. उरलेली 827 बंद झाली. म्हणजे, श्रोतेहो, मुलाच्या वडिलांनी वर्तमानपत्रात वाचले ते खोटे नव्हते.

मग चित्रफीत आली कुठून? यासाठी बंदी कशी घातली जाते हे थोडे समजून घ्यावे लागेल. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळाला एक नाव असते व एक क्रमांक असतो. आपण नाव लिहितो. कंपनीची एक मोठी नोंदवही त्या नावाचा क्रमांक काढून देते, आणि आपली मागणी त्या क्रमांकाकडे जाते. बंदी घालावयाची म्हणजे, बहुधा, या नोंदवहीतील नावावर काट मारावयाची, किंवा त्या नावाकडे जाणारे टपाल वाटेत अडवावयाचे. आता आजचे बहुतेक टपाल बंद लिफाफ्यातून जाते. पोस्टमनला पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. त्यामुळे एखाद्या विशाल स्थळावरील एक वाईट पान तेवढे अडविता येत नाही. सबंध स्थळ तरी बंद करावे, नाही तर सबंध उघडे ठेवावे. ज्यांच्यावर बंदी येते ते नाव बदलतात. 2018 च्या बंदीनंतर अशाच एका मोठ्या स्थळाने थोड्याच दिवसांत शेवटची अक्षरे बदलून भारतीयांसाठी नवे दार उघडले. यादी करणारा एक असतो आणि नावे काढणारे हजार.

शिवाय व्हीपीएन नावाची एक युक्ती आहे. समजा, आपल्या गावच्या पोस्टाने एका पत्त्यावर पत्रे नेण्याचे नाकारले. तर आपण ते पत्र दुसऱ्या पाकिटात घालून परगावच्या मित्राकडे पाठवितो, आणि तो ते पुढे पाठवितो. गावच्या पोस्टाला मित्राचा पत्ता तेवढा दिसतो. व्हीपीएन हे असे परगावचे मित्र होत. व्यापारी कंपन्या आपल्या कामकाजाच्या सुरक्षिततेसाठी तेच साधन वापरतात, म्हणून ते सरसकट बंदही करता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या फोनवर ते होते. ते काय आहे असे विचारता तो निरागसपणे म्हणाला की, गेम फास्ट चालण्यासाठी मोठ्या मुलांनी घालून दिले. मला वाटते, तो खरेच सांगत होता.

आणि तिसरी वाट सर्वांत सोपी. चित्रफीत स्थळावरून आलीच नाही; ती व्हॉट्सॲपवरून आली, आतेभावाच्या मित्राने केलेल्या एका गटातून. तेथील निरोप पाठविणारा व घेणारा यांच्यावाचून कोणालाच वाचता येत नाहीत, कंपनीलाही नाही. तेथे सरकारची यादी पोहोचतच नाही. शब्द ओळखून अडविणाऱ्या गाळण्या असतात. परंतु त्या मुख्यतः इंग्रजीवर पोसलेल्या. आमची मुले कन्नड किंवा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि यंत्राला त्याचा गंधही नसतो. उलट भलतेच काही अडकते. 1996 साली इंग्लंडातील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना एका अमेरिकन कंपनीकडे आपले नावच नोंदविता येईना. कारण गावाच्या नावात एका इंग्रजी अपशब्दाची अक्षरे ओळीने येतात!

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील सरकारने कोट्यवधी डॉलर खर्चून 2007 साली घरोघरच्या संगणकांसाठी एक गाळणी फुकट वाटली. मेलबर्नच्या एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने ती सुमारे अर्ध्या तासात निकामी करून दाखविली. विशेष म्हणजे, गाळणी चालू असल्याचे चिन्ह पडद्यावर तसेच राहिले होते. आईबापांना वाटावे की सर्व ठीक आहे. नंतर तेथे कंपन्यांवर सक्तीची गाळणी बसविण्याचा बेत झाला, आणि 2012 साली तो सोडून द्यावा लागला.

मला ते पडद्यावरचे चिन्ह राहून राहून आठवते. आमच्या दाजीबानपेठेतील त्या गृहस्थाने वर्तमानपत्रात वाचलेली बातमी हे असेच एक चिन्ह होते. बंदीमुळे वाईट मजकूर मुलापर्यंत पोहोचावयाचा राहिला नाही. पण बंदी आहे या विश्वासाने बापाने विचारावयाचे राहिले. बंदीला माझा जो आक्षेप आहे, तो स्वातंत्र्यवाद्यांचा नव्हे, हा आहे.

याद्यांच्या मर्यादा आम्हां कॅथलिकांना कोणी शिकवावयास नकोत. आमच्या धर्मपीठाने 1559 पासून निषिद्ध पुस्तकांची यादी ठेवली होती, ती चारशे वर्षे चालली आणि 1966 साली तिचे बंधन उठले. त्या यादीत पुढे शाळा-कॉलेजांतून अभ्यासली गेलेली पुस्तकेही होती. वाईट वाचू नये ही शिकवण यादी गेल्यावर गेली नाही. तिची जबाबदारी वाचणाऱ्याच्या विवेकावर आली, आणि विवेक घडविण्याचे काम घरावर व शाळेवर आले. ते काम यादी छापण्यापेक्षा कठीण आहे, हे मी पदरच्या अनुभवाने सांगते.

मग सरकारने काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. काही कामे अशी आहेत की ती आईबापांच्या आवाक्यातलीच नव्हेत. लहान मुलांवर अत्याचार करून जे चित्रण होते, ते पाहण्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नसून गुन्ह्याचा पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब या कलमाने असे चित्रण करणे, पाठविणे, शोधणे, पाहणेदेखील गुन्हा ठरविले आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात ही गोष्ट अधिक स्पष्ट केली, आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नये, त्यास मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असे सांगितले. शब्द बदलला की दृष्टी बदलते. ‘अश्लील’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाहणारा येतो, ‘शोषण’ म्हटले की त्या चित्रातले मूल येते. अशा पानांची यादी करण्याचे काम ब्रिटनमधील इंटरनेट वॉच फाउंडेशन ही 1996 साली स्थापन झालेली संस्था करीत आहे, आणि ती यादी लावण्यास आपल्या सरकारने 2017 साली कंपन्यांना सांगितले. या यादीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तसा मजकूर कोणाच्या दृष्टीस पडला, तर तो पुढे कोणासही न पाठविता सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर कळवावा. तेथे नाव न सांगताही तक्रार देता येते. मूल संकटात असेल तर 1098 हा क्रमांक आहे.

कंपन्यांना जबाबदार धरणे हेही सरकारचेच काम. सिनेमागृहाच्या दारावर तिकीट तपासणारा उभा असतो. प्रौढांच्या सिनेमाला दहा वर्षांचे पोर आले तर तो त्याला हाकलतो. इंटरनेटच्या दाराशी एक पाटी तेवढी असते : तुमचे वय अठरा आहे काय? मूल ‘होय’वर बोट ठेवते आणि आत जाते. ब्रिटनने 2023 साली कायदा केला, आणि जुलै 2025 पासून अशा स्थळांना खरोखरीची वयतपासणी करणे भाग पडले. त्याबरोबर तेथे व्हीपीएनची मागणी एकाएकी वाढली, हेही नमूद केले पाहिजे. आणि वय तपासावयाचे म्हणजे प्रत्येक प्रौढाने आपले ओळखपत्र किंवा चेहरा कोणाला तरी दाखवावयाचा; तो कागद पुढे कोठे जाईल, ही भीतीही खोटी नव्हे. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांना वयाप्रमाणे वर्गवारी करण्यास आणि तेरा वर्षांवरील वर्गासाठी पालकांच्या हाती कुलूप देण्यास सांगितले. 2023 च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात तर, अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती पाहिजे, असे कलम आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत.

येथे एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. सरकारचे नवे कायदे कुलूप करतात आणि किल्ली पालकांच्या हाती देतात. म्हणजे, सरकार की पालक, हा वादच मुळी पुरता खरा नाही. खरा प्रश्न, ज्याच्या हाती किल्ली दिली त्याला ती वापरता येते काय, हा आहे.

त्या मुलाच्या आईला मी विचारले, मोबाईलमध्ये पालकांसाठी सोय असते हे आपणांस ठाऊक आहे काय? तिला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर महिन्यापूर्वी मलाही नव्हते. गूगलची ‘फॅमिली लिंक’ नावाची सोय आहे. तिने मुलाच्या फोनवर कोणते ॲप यावे, किती वेळ चालावे, हे आपल्या फोनवरून ठरविता येते. शोध घेताना अश्लील चित्रे वगळणारी ‘सेफ सर्च’ची कळ आहे. या गोष्टी फुकट आहेत आणि दहाबारा वर्षांच्या मुलासाठी उपयोगीही आहेत. परंतु त्या ज्याने रचल्या त्याच्या डोळ्यांपुढे असे घर होते की, जेथे मुलाचा फोन वेगळा, आईचा वेगळा, आणि दोघांनाही इंग्रजी वाचता येते. आमच्या पेठेत एकच फोन तिघे वापरतात, आणि त्याच्या कळा घरात सर्वांत जास्त कळतात त्या ज्याच्यावर पहारा करावयाचा त्यालाच! कुलूप लावून देण्यासाठी आई मुलालाच हाक मारते.

तिला दोष देण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी स्वतःकडे पाहावे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘मुलाला मोबाईल द्या, वर्ग त्यावर आहे’ असे घरोघरी कोणी सांगितले? आम्हीच सांगितले. काही आईबापांनी कर्ज काढून फोन घेतले. शाळा पुन्हा उघडल्या. परंतु ‘आता तो परत घ्या’ असे सांगावयास आम्ही विसरलो. वर्गाचा जो गट मी त्या वेळी केला होता, त्यातील क्रमांकांवरूनच मुलांनी आपला दुसरा गट केला, हे मला या प्रकरणात प्रथम कळले.

आणि याहून मोठी चूक आपणां सर्वांची आहे, ती मौनाची. तेराचौदा वर्षांच्या मुलाच्या शरीरात जे बदल होतात, त्यांविषयी त्याला कोणीतरी सरळ बोलणारे माणूस हवे असते. घरात ते मिळत नाही. शाळेत मिळावे म्हणून केंद्र सरकारने किशोरवयीन शिक्षणाचा एक कार्यक्रम आखला होता. 2007 साली महाराष्ट्राने व कर्नाटकाने, आणखी काही राज्यांप्रमाणेच, तो शाळांतून नाकारला. त्यातील काही चित्रे मलाही योग्य वाटली नव्हती. परंतु चित्रे बदलावयाची सोडून विषयच फळ्यावरून पुसला गेला, आणि ती रिकामी जागा ज्याने भरून काढली त्याला ना लाज ना अभ्यासक्रम.

या बाबतीत रघुनाथ धोंडो कर्व्यांचे स्मरण होते. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, जवळजवळ एकट्याने, चालविले. मी कॅथलिक आहे आणि संततिनियमनाविषयी किंवा विवाहाविषयी त्यांची जी मते होती, त्यांतील अनेक मला मान्य नाहीत. परंतु वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना ते शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरी त्यांना दंड झालाच. कायद्याची चाळणी तेव्हाही अशीच होती : ज्ञान देणारा माणूस वर अडकला, आणि चोरून विकली जाणारी पिवळी पुस्तके भोकांतून खाली गेली.

मग एकट्या आईला हे झेपावयाचे कसे? मला वाटते, ते एकटीला झेपावयाचे नाहीच. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तेथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहतात. पुन्हा भोंगा झाला की बंधन सुटले. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. याचे अनुकरण इतरत्रही झाले. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे बेळगावच्या सुवर्णसौधाजवळील हलगा. तेथे डिसेंबर 2024 मध्ये संध्याकाळी सात ते नऊचा भोंगा सुरू झाला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी गावाने याहून कडक वाट धरली होती; अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलच नको, असा ठराव तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये केला. मला भोंगा अधिक पसंत आहे, कारण तो बापालाही लागू आहे. मुलाला फोन खाली ठेवावयास सांगून स्वतः क्रिकेट पाहत बसणाऱ्या बापाचे कोण ऐकणार? आमच्याच राज्याच्या विधानसभेत, 2012 च्या फेब्रुवारीत, मोबाईलवरील अशाच एका चित्रफितीपायी तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले होते. तेव्हा ही व्याधी पोरांचीच आहे असे कोणी समजू नये.

भोंग्याची बातमी वाचली तेव्हा मला वसईकडील माझ्या आजोळची संध्याकाळ आठवली. चर्चची घंटा झाली की हातातले काम जागच्या जागी राहावयाचे, आणि थोड्या वेळाने सर्व घर जपमाळेला बसावयाचे. आम्हां मुलांना ती प्रार्थना लांबलचक वाटे, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या वेळी घरातील प्रत्येक चेहरा दुसऱ्याला दिसत असे. कोण रडलेले आहे, कोण काही लपविते आहे, हे आजीला न विचारता कळे.

दाजीबानपेठेत भोंगा चालावयाचा नाही. संध्याकाळी सात म्हणजे येथे गिऱ्हाइकीची ऐन वेळ. लग्नसराईत तर आठच्या पुढे रस्त्यात पाऊल ठेवावयास जागा नसते. म्हणून आम्ही दुसरे काही करून पाहिले. पालकांची सभा आम्ही आजवर सकाळी अकराला बोलावीत होतो, आणि बाप येत नाहीत म्हणून तक्रार करीत होतो. या वेळी ती रात्री पावणेदहाला, दुकानांच्या फळ्या लागल्यावर, एका विद्यार्थ्याच्या घराच्या माडीवर बोलाविली. त्या साडीच्या दुकानातील गृहस्थांनी होऊन आपले घर दिले होते, आणि मुलाचा विषय कोणी काढणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता. वडील मंडळी आली ती चारच. आया मात्र पुष्कळ. एका तरुण काकांनी प्रत्येकीच्या फोनवर कुलूप लावून दिले, आणि त्याचा अंक मुलांना न सांगता कागदावर लिहून देवघरात ठेवावयास सांगितला. ते झाल्यावर एका आईने दबक्या आवाजात विचारले, “बाई, पण पोराने काही विचारले तर बोलायचे काय?” त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या मुलाची आईच म्हणाली, “आधी ऐकून घ्यायचे. आमच्याकडे आधी मार झाला, म्हणून अजून तो नीट बोलत नाही.”

पुढची सभा श्रावणात ठेवली आहे. विज्ञानाच्या पुस्तकातील ज्या धड्याची पाने मी दरवर्षी ‘घरी वाचा’ म्हणून उलटून टाकीत असे, तो धडा त्याच्या आधी वर्गात उभी राहून शिकवावयाचे मी कबूल केले आहे. आठवीतला तो मुलगा आता नववीत गेला. तो पहिल्या बाकावर नसतो, तिसऱ्यावर असतो, आणि मी फळ्याकडे वळले की अजून खालीच पाहतो.